गिरवण्याला नक्कल म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

चित्र येत नसलं तरी कपड्याचं डिझाइन कागदावर उतरवता येतं, या माझ्या लेखाखाली तुम्ही मोठी आणि कडक प्रतिक्रिया लिहिलीत. तुम्ही खानापूर भागात अनेक वर्षं चित्रकला शिकवलीत, तेव्हा नुसतं ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होणं मला पटेना. तुमचे मुद्दे तीन. आयती आकृती खाली ठेवून वरून कपडा गिरवणं ही नक्कल आहे, त्यानं हात तयार होत नाही. नऊ डोक्यांची, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या नऊपट उंच, बाई जगात नसते, तरी मुलींना तेच प्रमाण शिकवलं जातं. आणि ज्याला साधी सरळ रेष ओढता येत नाही त्यानं शिवण शिकावं, डिझाइनच्या नादानं घरच्यांचे पैसे घालवू नयेत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मला लागला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडच्या कितीतरी मुली हे वाक्य ऐकून वही मिटतात. शाळेत फुलदाणी वाकडी आली, ड्रॉइंगची परीक्षा दिली नाही, की तिथंच विषय संपतो. त्याच मुली खडे बाजारातल्या दुकानात कापडाला हात लावल्याबरोबर सांगतात, ‘हे अंगावर फुगणार, ह्याला चुण्या नकोत, कळ्या घालूया.’ ही नजर शिकवून सहज येत नाही सर. ती असताना फक्त पेन्सिल वळत नाही म्हणून तिला वाटेतून परत पाठवायचं?

पॅरिसच्या डिझायनर मॅडलीन व्हिओने (१८७६–१९७५) उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, कापडाच्या झग्यांसाठी जगभर ओळखल्या गेल्या. त्या एका लहान लाकडी बाहुलीवर कापड टाचून, वळवून डिझाइन बसवत. कोको शनेलसुद्धा चित्र न काढता थेट मॉडेलच्या अंगावर कापड लावून काम करत. पण आपल्याकडच्या मुलीला मी एवढंच सांगून थांबत नाही. त्या दोघींच्या हाताखाली शिवणाऱ्या बायकांचा अख्खा ताफा होता, समोर उभं राहून ‘इथं घे, इथं सोड’ म्हणता येत होतं. आपली मुलगी घरून व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन पाठवते आणि कापणारा दुसऱ्या गावात बसलेला असतो. तिला कागद लागतोच. त्या कागदाची परीक्षा माझ्या लेखी एकच आहे: तो बघून, फोन न करता, मास्तरला कात्री चालवता आली पाहिजे.

आणि आपल्या भागात हे जास्तच खरं आहे. गिऱ्हाईक निपाणीचं, बोलणार मराठी. कटिंग मास्तर कन्नड. आरीकाम (आकडीच्या सुईचं भरतकाम) करणारा कारागीर घरी उर्दू बोलणारा. तिघंही एकमेकांचं कामापुरतं समजून घेतात, पण ‘गळा जरा खोल’ या तोंडी निरोपातला ‘जरा’ तीन घरांत तीन मापांचा होतो. कागदावर गळ्याशी रेघ ओढून ७ लिहिलं की तिघांनाही ७ इंचच दिसतात.

एक उदाहरण नीट उलगडते. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण घ्या. पन्हा अरुंद, काठ दोन्ही बाजूंना, कापडाच्या लांबीबरोबर जाणारा. गिऱ्हाईक म्हणतं, बाहीच्या कडेला काठ हवा. तसा काठ आणायचा तर बाही पन्ह्याच्या दिशेनं कापावी लागते, म्हणजे तिची लांबी पन्ह्यात बसेल तेवढीच. मग पुढचे भाग मात्र लांबीच्या दिशेनं कापले, तर अंगावरचे बुट्टे उभे आणि बाहीवरचे आडवे. बुट्टा चारी बाजूंनी सारखा असेल तर बिघडत नाही. ज्याला वर-खाली आहे असा असेल तर ब्लाउज घातल्यावर ते लगेच डोळ्याला खुपतं. मग सगळेच भाग आडवे कापायचे, की बाहीला काठ वेगळा काढून जोडायचा? हा निर्णय कापड कापण्याआधी कुणीतरी घ्यावा लागतो, आणि तो घ्यायची जागा म्हणजे तो कागद.

माझ्या कागदावर हे असं दिसतं. समोर आणि पाठ अशा दोन आकृत्या, बाही बाजूला वेगळी. प्रत्येक भागात उभ्या धाग्याचा बाण. काठाला दोन समांतर रेषा. शिवण सलग रेषेनं, वरून दिसणारी टीप तुटक रेषेनं. प्रिन्सेस कटची (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणीची) रेष मुंड्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या बाकातून, निघते की खांद्यातून, हूक पुढं की मागं, अस्तर आहे की नाही, सगळं लिहिलेलं. चेहरा नाही, बोटं नाहीत, पावलं नाहीत. मुली नेमक्या त्यांनाच सगळ्यात जास्त घाबरतात, आणि कापणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

आता गिरवण्याविषयी. पिंटरेस्टवरचा लेहंगा जसाच्या तसा उतरवून खाली आपलं नाव घालणं ही नक्कल, आणि तिथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. त्यात शिकण्यासारखंही काही हाती लागत नाही: फोटोत पाठ दिसत नाही, कपडा उघडतो कुठून ते कळत नाही, आत किती कळ्या आहेत ते तर मुळीच नाही. बटर पेपरखाली शरीराची आकृती ठेवणं मात्र वेगळं. टेलर डमीवर कपडा चढवून बघतो तेव्हा ती डमी त्यानंच घडवली का, असं कुणी विचारत नाही. आकृती गिरवलेली असली तरी तिच्यावरचा गळा, मुंडा, टक्स, घेर हे सगळं त्या मुलीलाच ठरवावं लागतं. तिथं गिरवायला खाली काही नसतं.

नऊ डोक्यांबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर आहे. खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची. फॅशनच्या चित्रात ती नऊ-दहावर नेतात, आणि वाढवलेला भाग बहुतेक पायांत जातो. रॅम्पसाठी, पोर्टफोलिओसाठी ते चालतं. ऑर्डरच्या कपड्याला ते घातक ठरतं, कारण गुडघ्याखाली जरासा उतरलेला कुर्ता त्या आकृतीवर दिमाखदार दिसतो, पण तो दिमाख लांबवलेल्या पायांचा असतो. म्हणून माझ्याकडे आकृती साडेसातचीच. गिऱ्हाईक ६१ इंच उंच असेल तर एक डोकं साधारण ८ इंच धरायचं आणि कुर्त्याची कड कुठं येते ते मोजून बघायचं. शक्य असेल तिथं गिऱ्हाइकाचाच अंगासरशी कपड्यातला, समोरून सरळ घेतलेला फोटो छापून त्यावरून आकृती काढायची. खांदा उतरता, कंबर भरलेली, जे काय असेल ते त्यात येतं.

राहिला हात तयार होण्याचा प्रश्न. माझ्याकडे सुरुवात आकृतीनंही होत नाही. स्वतःचा एक कुर्ता जमिनीवर सपाट पसरायचा, टेप घ्यायची, गणिताची चौकटींची वही घ्यायची. एक इंच म्हणजे एक चौकट. ५ मिलिमीटरच्या चौकटी असतील तर ४० इंचांचा कुर्ता २० सेंटिमीटरमध्ये बसतो, पानावर आरामात मावतो. मध्यावर उभी रेष, आणि फक्त डावी बाजू काढायची: खांदा अर्धा, गळा अर्धा, मुंड्याची खोली, छाती, कंबर, घेर. मग मधल्या रेषेवर कागद दुमडून खिडकीच्या काचेला धरायचा आणि दुसरी बाजू उमटवायची. दोन्ही बाजू सारख्या येतात. मुंड्याचा बाक आधी कुणालाच जमत नाही, तो चौकटी मोजून ठिपके देऊन जोडायचा. मग सलवार, मग आईचं कटोरी ब्लाउज, मग भावाचा शर्ट. हे करताना मुलीला रेषेइतकाच कपडाही कळत जातो. आपल्या बेळगावच्या शहापूर-वडगावात मागावरची कितीतरी घरं आहेत, त्यांना हे नवीन नाही. जॅकार्डचा बुट्टाही आधी चौकटींच्या कागदावरच मांडतात, एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक भेट. त्या कामाला कुणी कमी लेखत नाही.

पैशांची तुमची काळजी रास्त आहे. चौकटींची वही, पेन्सिल, टेप, बटर पेपरची गुंडाळी, एवढ्यावर पहिले काही महिने निघतात. त्याआधी महागड्या कोर्सची फी भरू नका, असं मी प्रत्येक आईवडिलांना सांगते. आणि शिवण शिकण्याबद्दल म्हणाल तर मीसुद्धा प्रत्येकीला शिवायला लावते, पण स्केचच्या बदल्यात नाही, स्केचबरोबर. जिनं स्वतः बाही बसवली आहे ती मुंड्याची रेष कधी आंधळेपणानं ओढत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या पद्धतीत खरोखर कमी पडते, आणि ती तुमच्याकडे आहे. कापडाची पडण. सपाट चित्रात माप कळतं, पण जॉर्जेट खांद्यावरून कसं ओघळतं, खण कसा ताठ उभा राहतो, चुण्यांच्या रेषा शिवणीपासून निघून मध्येच का विरतात, हे दाखवायला छाया-प्रकाश लागतो. गिऱ्हाइकाला डिझाइन पसंत करायला लावायचं असेल तेव्हा ते हवंच. माझ्या मुलींच्या चुण्या अजून फणीच्या दात्यांसारख्या सरळ येतात.

दर रविवारी सकाळी वडगावात आमचा छोटा वर्ग बसतो. जॉर्जेट आणि खण, दोन्ही कापडं मी आणेन, खुर्चीच्या पाठीवर टाकू, आणि तुम्ही त्यांना घड्या बघायला शिकवा. खानापूरहून सकाळच्या बसनं आलात तर जेवायच्या वेळेपर्यंत परत पोचाल. कुठला रविवार जमेल ते खाली कळवा, मुलींना तसं सांगून ठेवते.