खापर ब्रॉयलरवर

डिसेंबरात इथे स्वीडनमधल्या उप्सालात दुपारी तीनलाच अंधारतं. त्या वेळी सांगलीहून ताईचा व्हिडिओ कॉल. भाचीला पाळी आली, अजून दहावं लागायचंय. घरात निकाल लागूनही गेला होता: ब्रॉयलरमधली इंजेक्शनं आणि दुधातली इंजेक्शनं. अंडी, दूध, चिकन त्याच दिवसापासून बंद. ताईच्या मागे टेबलावर क्रीम बिस्किटांचा पुडा उघडा पडलेला. त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता.

म्हशीला पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचतात, ते वाईटच. पण ते प्रथिनाच्या जातीचं, पोटात गेलं की पचतं. ब्रॉयलर झटपट वाढतो तो निवडक पैदाशीवर आणि खाद्यावर. मुलीच्या अंगावरची चरबी मात्र खरोखर कामाला लागलेली असते. लेप्टिन नावाच्या संप्रेरकामार्फत ती मेंदूला कळवते की साठा पुरेसा झाला, वयात यायला हरकत नाही, आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही थोडं तयार करते. मुलग्यांच्या बाबतीत चित्र इतकं साफ नाही.

मला खटकतो तो वाढीचा वेग. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक आलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ साली छापून आला. पाळीचं मधलं वय ११.६ वर्षं, स्वीडिश मुलींचं तेराच्या आसपास, भारतातल्या खात्यापित्या घरांतलंही बाराच्या पुढे. आल्या तेव्हा बऱ्याच जणी खुरटलेल्या होत्या. ज्या झपाट्याने भरून आल्या त्यांना पाळी लवकर आली. त्यांना खायला घालणं चूक होतं असं कोण म्हणेल? पण पुण्यात मधुमेह-संशोधक डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे किडकिडीत, तरी चरबी राखून असतात. अशा बाळाला आपण ‘बाळसं धरू दे’ म्हणत तूप चारतो.

माझ्या लेकीच्या शाळेतली नर्स वजनाच्या आकड्यावर फारसं बोलत नाही. स्क्रीनवरच्या वाढीच्या रेषेवर बोट ठेवते आणि ती कुठे वरच्या पट्ट्यात उडी मारते ते दाखवते. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. शनिवारी गोळ्या-चॉकलेटं खायची इथली रीत, पण पिशवीचा आकार बघितलात तर हसाल. आणि शेजारच्या डेन्मार्कात १९९१ ते २००६ या काळात मुलींची छाती भरू लागण्याचं सरासरी वय १०.९ वरून ९.९ वर आलं, त्याचा हिशेब नुसत्या वजनाने लागला नाही. सगळं लठ्ठपणावर ढकललं की तेही नवं ब्रॉयलरच.

ताईला म्हटलं, दूध-अंडी सुरू कर, बालरोगतज्ज्ञांना दाखव, हाडाचं वय बघतील. हाडं लवकर पक्व झाली तर उंची तिथेच थांबते. आणि तिचं लसीकरणाचं कार्ड शोध, त्यात वाढीचा आलेख असतो.

रात्री फोटो आला. दीड वर्षापर्यंत नीट ठिपके, निळ्या पेनाने. पुढचे सगळे चौकोन कोरे.