कुऱ्हाडीच्या दांड्याला विचारा

गेले काही महिने आमच्या कराटे, आयकिडो आणि मर्दानी खेळाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. घरच्या घरी बो (सहा फुटी काठी), जो (त्याहून आखूड, बारीक काठी) आणि बोक्केन (लाकडी तलवार) कसे बनवावेत, याबद्दलचा. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: लाकूड जितकं कडक तितकं शस्त्र भक्कम, आणि पुराव्याला कडकपणाचे आकडे. सागवान हा लाकडांचा राजा, त्यामुळे शंका असेल तर डोळे मिटून सागवान घ्या. जपानी कारागीर लाल ओक वापरतात, तेव्हा आपणही वखारीतून अमेरिकन रेड ओक आणावा. फळी कुठलीही चालते, फक्त गाठ नको. महिनाभर तेलात बुडवलेली काठी मोडत नाही. आणि तळटीप: झाड स्वतःच्या शेतातलं असेल तर परवानगीचा प्रश्नच नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. बाजारातल्या स्वस्त काठ्या सहा महिन्यांत फुटतात हे खरं, आणि गाठ टाळा हा सल्लाही बरोबर. पण सात-आठ वर्षांपूर्वी मी याच समजुतीवर एक सागवानी जो बनवला होता. दिसायला देखणा, रंध्याखाली लोण्यासारखा. तिसऱ्याच आठवड्यात जोडीच्या सरावात तो काडकन मोडला आणि हातभर तुकडा समोरच्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला. चूक माझी होती. म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा कडकपणाचा. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, कडक आणि चिवट, आणि मेसेजवाल्याने नेमकी यांचीच गल्लत केली आहे. मडकं कडक असतं, चामडं चिवट असतं. काठीवर काठी आदळते तेव्हा लाकडाला क्षणभर वाकून परत सरळ व्हावं लागतं. ते ज्याला जमतं ते चिवट.

मेसेजमध्ये ज्या आकड्यांचा धाक घातलाय ते यांका चाचणीचे आहेत. गॅब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ साली ती बसवली. ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी घुसायला किती जोर लागतो, एवढंच ती मोजते. लाकडी जमिनीवर टाचांचे खड्डे पडतील का, हे ठरवायला ती उत्तम. या मापात सागवान साधारण १०७० पौंडांवर येतं, अमेरिकेतलं हिकरी १८२० वर आणि आपलं शिसव २४४० च्या आसपास. कडक तेच भक्कम असतं, तर अमेरिकन लाकूडतोड्याने कुऱ्हाडीच्या दांड्याला हिकरीऐवजी शिसवाची जात शोधली असती. तो पिढ्यान्‌पिढ्या हिकरीच धरून बसलाय, कारण ते धक्का गिळतं. जवळचं उदाहरण हवं तर क्रिकेटची बॅट घ्या. विलो इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो, पण ताशी १४० किमीचा चेंडू झेलतो. तिच्या मुठीत तर लाकूडही नसतं, वेत असतो. हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून.

जाता जाता: इंग्रजी ‘हार्डवुड’ हा वनस्पतिशास्त्रातला वर्ग आहे, कडकपणाचा दाखला नाही. हलकाफुलका बाल्सा हार्डवुड आहे, आपला पांगारा आणि सावरही. पांगाऱ्याचा बो करून पाहा, पहिल्याच ठोक्याला उत्तर मिळेल.

सागवानाबद्दल बोलायचं तर ते राजा आहे यात वाद नाही. प्रश्न कुठल्या दरबाराचा राजा, एवढाच. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, पावसाळा-उन्हाळ्यात ते फारसं फुगत-आकसत नाही. म्हणून जहाजं, वाडे, दारं-खिडक्या. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘देवाला चालतं ते आपल्या बो-ला का नाही?’ देवाच्या दारावर कोणी बोक्केन घेऊन धावत नाही म्हणून. मल्लखांब सागवानी असतो, हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. मल्लखांबाच्या वाट्याला माणसाचं वजन येतं, ठोका येत नाही, आणि त्याची जाडी पाहा. जो असतो जेमतेम अडीच सेंमी. एवढ्या जाडीत आडवा मार बसला की सागवान वाकायच्या आधी तुटतं, आणि तुटतं तेही आखूड, जवळपास सरळ कापल्यासारखं. चिवट लाकूड आधी तडकतं, लांब सालपं सुटतात, आवाज बदलतो, आणि आपल्याला हातातली काठी खाली ठेवायला वेळ मिळतो. शस्त्रं टांगायचा स्टँड मात्र जरूर सागवानाचा करा.

लाल ओकची गंमत वेगळी आहे. जपानमधली बहुतेक लाकडी शस्त्रं क्यूशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहरात होतात, आता मोजक्याच कारखान्यांत. तिथे वापरतात ते ‘काशी’, म्हणजे सदाहरित ओक. त्यातला ‘शिराकाशी’ फिकट, ‘आकागाशी’ तांबूस. ‘आका’ म्हणजे तांबडा, बस. कोणीतरी त्याचं इंग्रजीत ‘रेड ओक’ केलं आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच नावाचं अमेरिकन लाकूड शोधलं. नात्याने दोघे एकाच कुळातले, पण अमेरिकन रेड ओक पानगळीचा आणि भोकाळ. त्याच्या कांडीचं एक टोक पाण्यात धरून दुसरीकडून फुंकलं तर बुडबुडे येतात. कोणाला पटत नसेल तर हा खेळ करून दाखवावा. अमेरिकन व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून दारूची पिंपं त्याची होतात आणि रेड ओकची होत नाहीत. आपल्याकडे रेड ओक येतो तो फर्निचरसाठी आणि व्हिनियरसाठी. वखारवाला खोटं बोलत नाही, नावच फसवं आहे. शिवाय काशीचं बोक्केनही मुख्यतः कातासाठी, मोजून-मापून केलेल्या सरावासाठी असतं. पूर्ण जोराने मारायचं तेव्हा केंदोवाले, म्हणजे जपानी तलवारबाजीचे खेळाडू, शिनाई घेतात, आणि ती बांबूच्या चार पट्ट्यांची असते. हे ऐकून कोल्हापूरच्या तालमीतला लाठीवाला हसेल. भरीव बांबूची लाठी तो किती पिढ्या फिरवतोय! बांबू फाटतो, पण सहसा एकदम तुटून उडत नाही.

आता ‘फळी कुठलीही चालते’. मला सगळ्यांत जास्त राग याच वाक्याचा आहे, कारण बाकी सगळं चुकूनही ही एक गोष्ट सांभाळली तर काठी टिकते, आणि बाकी सगळं साधूनही ही चुकली तर टिकत नाही.

झाड वाढतं तेव्हा त्याचे तंतू खालून वर जातात, पण खोडाला पीळ असतो, बाक असतो. करवत मात्र नाकासमोर चालते. त्यामुळे फळीची कड सरळ आणि आतली रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, तिरपी, असं सर्रास घडतं. रेषा तिरपी असली की ती काठीच्या एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाने बाहेर पडते, आणि ती जिथे बाहेर पडते तिथेच काठी मोडते. अमेरिकेत मॅडिसन इथल्या वनोत्पादन प्रयोगशाळेने याचे आकडे दिले आहेत. ३० सेंमी लांबीत रेषा ३ सेंमी सरकली, तर वाकण्याची ताकद ८१ टक्क्यांवर येते, पण धक्का सोसण्याची ६२ टक्क्यांवर. ६ सेंमी सरकली तर धक्क्याची ताकद उरते ३६ टक्के. आणि उभ्या दाबाखाली? ३ सेंमीच्या तिरपेपणाला ९९ टक्के, म्हणजे काहीच बिघडत नाही. फर्निचरवाल्या सुताराला रेषेची फिकीर का नसते, ते इथे कळतं. टेबलाचा पाय दाबाखाली उभा असतो. त्याच्या धंद्यात ती फळी निर्दोष आहे, तो तुम्हाला मनापासून ‘एक नंबर माल’ म्हणून देतो, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरच आहे.

बेसबॉलवाल्यांनी हा धडा मैदानावर घेतला. २००८ च्या मोसमात मेपलच्या बॅटी मोडून त्यांचे टोकदार तुकडे उडायला लागले, तेव्हा मेजर लीगने याच प्रयोगशाळेची मदत घेतली. मोठा दोष निघाला रेषेच्या तिरपेपणाचा. मेपलची रेषा डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून २००९ पासून मुठीवर शाईचा ठिपका देणं सुरू झालं. शाई तंतूंच्या दिशेने पसरते आणि तिरपेपणा ३ अंशांच्या आत आहे की नाही ते दाखवते.

हा ठिपका वखारीत तुम्हीही देऊ शकता. खिशात पातळ शाईचं पेन ठेवा, फळीचा हातभर तुकडा रंधून घ्या, ठिपका द्या आणि शाई कुठे पळते ते बघा. रुंद बाजू पाहिली की कडही पाहा. एका बाजूने सरळ दिसणारी रेषा दुसऱ्या बाजूने पार उतरलेली असू शकते. माझा स्वतःचा नियम ३० सेंमीला १ सेंमी, त्याहून जास्त असेल तर फळी परत. सहा शाकूंच्या, म्हणजे १८२ सेंमीच्या बो-ला पुरेल इतकी सरळ रेषा दहा-पंधरा फळ्यांतून एखादीत सापडते. वखारवाला वैतागतो. चहा पाजावा, सगळं घनफूट घ्यायची तयारी दाखवावी आणि उरलेल्याचे छोटे तुकडे तोन्फाला, म्हणजे आडव्या मुठीच्या आखूड काठीला, वापरावेत.

याहून सोपा रस्ता म्हणजे ओंडका करवतीने कापण्याऐवजी पाचर मारून फाडणं. फाट आपोआप रेषेबरोबर जाते. गावाकडचे जुने सुतार चांगला दांडा असाच काढतात. आणि इथे मी त्या मेसेजला खरा पर्याय सुचवतो: वखारीत ‘सगळ्यांत कडक काय आहे?’ विचारण्याऐवजी कुऱ्हाडीचा, कुदळीचा दांडा कशाचा करतात ते विचारा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण गोताच्या बाजूने रडते, पण दांड्याच्या बाजूने पाहिलं तर रोज हजार ठोके खाऊन तो टिकतो, याचीही ती कबुली आहे. धामण, तिवस, धावडा, बाभूळ ही आपल्याकडची दांड्याची लाकडं. धामण इतकी लवचीक की तिची कावडही होते. तोटा एवढाच की ती शहरातल्या वखारीत सहसा दिसत नाही. बाभूळ मुबलक, पण वाकडी. तिच्यातून सहा फुटांचा बो निघणं नशिबाचं, मीटरभराचं बोक्केन मात्र निघतं. बाहेरचा पांढरा भाग टाकून द्या, भुंगा तिथेच आधी लागतो.

तेलाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. घट्ट लाकडात तेल अंगातून जेमतेम शिरतं, टोकांतून थोडं जास्त, आणि तुटलेल्या तंतूला ते सांधत नाही. लाठीला तेल पाजण्याची रीत खरी आहे, लालूप्रसादांनी २००३ मध्ये पाटण्यात त्या नावाचा मेळावाच घेतला होता. पण ते तेल बांबू सुकून तडकू नये म्हणून असतं. लाकडी काठीला जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरे. ती चिंधी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

राहिली तळटीप, जी सरळ अडचणीत आणू शकते. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत सागवान, खैर, तिवस, अंजन, ऐन, किंजळ आहेत. आंबा, फणस, चिंच, जांभूळसुद्धा आहेत. यातलं झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगी लागते. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा वेगळा, तिथे सोसायटीतल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळलं, हा दिलासा. आणि परदेशातल्या भाच्याला शिसवी बोक्केन पाठवायचं मनात असेल तर आधी चौकशी करा: २०१७ पासून शिसवाची सगळी प्रजातीच साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

मी माझी बाभूळ इमारती लाकडाच्या वखारीतून आणत नाही. ती मिळते जळाऊ लाकडाच्या वखारीत, किलोवर. गेल्या मोसमात तिथे ढिगाच्या तळाशी दोन सरळ ओंडके दिसले. तोलून देताना मालकाने विचारलं, ‘बंबाला एवढं निवडून?’ पाचर मारून फाडलेले त्यांचे सहा तुकडे शेडमध्ये सावलीला आहेत, टोकांना मेण लावून. इंचाला साधारण वर्ष या हिशेबाने पुढच्या शिमग्याआधी त्यांना रंधा लावायचा नाही.