खुलासा : '१५ इंचवालाच डेक घ्या' हे अर्धसत्य

जुना स्पूल डेक (उघड्या चकत्यांवरची टेप वाजवणारं यंत्र) घ्यायचा तर सेकंदाला १५ इंच वेगाचा, हाफ-ट्रॅकच (टेपच्या रुंदीत दोन ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या दोन पट्ट्या वाचणारा) घ्या, त्यावर सगळ्या टेप वाजतात, असा सल्ला सध्या फिरतोय. पहिला भाग काही टेपपुरता ठीक. दुसरा चूक.

साठ-सत्तरच्या दशकात घरगुती श्रोत्यांसाठी छापून (आधीच गाणी भरून) विकलेल्या स्टिरिओ टेप बहुतांशी क्वार्टर-ट्रॅक (चार पट्ट्यांच्या), साडेसात किंवा पावणेचार इंच वेगाच्या. त्यांत १ आणि ३ हे ट्रॅक एका दिशेने, २ आणि ४ उलट्या दिशेने. हाफ-ट्रॅक हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) रुंद असतं. ते शेजारचा ट्रॅकही उचलतं आणि गाण्यामागे दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं वाजू लागतं. भुताटकी नव्हे, भूमिती!

रेव्हॉक्स बी७७ हा डेक हाफ-ट्रॅक आणि क्वार्टर-ट्रॅक अशा दोन्ही प्रकारांत निघाला. त्यामुळे नुसतं नाव पाहून पैसे मोजू नका, हेड आणि वेग विचारा. स्टुडिओ मास्टरच्या (स्टुडिओतल्या मूळ टेपच्या) प्रती ऐकायच्या असतील तर हाफ-ट्रॅक, १५ इंच. पण साडेदहा इंची स्पूलवरची २५०० फूट टेप तेहतीस मिनिटांत संपते. जुन्या छापील टेप असतील तर क्वार्टर-ट्रॅकच. हाफ-ट्रॅक टेप त्यावर ऐकता येते, वेग मात्र जुळायला हवा.