नळ आला, नळ गेला

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात गेली सहा वर्षे दोन नळ नांदत आहेत. एक मोरीतला, जो सकाळी सव्वासहाला येतो आणि सात वाजायच्या आत जातो. दुसरा निषध देशाचा राजा, जो माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात येऊन बसला आहे आणि काही केल्या जात नाही. पहाटे उठून मी हिंचक्यावर बसतो आणि दमयंतीच्या त्यागाचे प्रकरण लिहायला घेतो. नळाने झोपलेल्या पत्नीचे अर्धे वस्त्र कापून घेतलेले असते, तो निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. महाभारतकारांनी त्याच्या या घालमेलीला झोपाळ्याची उपमा दिली आहे आणि ती किती अचूक आहे हे मला बसल्या जागी कळत असते. इतक्यात आतून आईची हाक येते, "अरे, नळ गेला!" तो गेला हे मला ठाऊकच असते. प्रश्न तो का गेला हा असतो, आणि त्यावर माझ्या मार्गदर्शकांना किमान चाळीस पाने हवी असतात.

माझा विषय ‘प्रेमानंद आणि रघुनाथ पंडित यांच्या नलाख्यानांचा तौलनिक अभ्यास’ असा आहे. तो सुचला तेव्हा इतका सोयीचा वाटला होता की, एवढ्याशा कामासाठी पदवी देतात याचेच मला नवल वाटले. प्रेमानंद हा सतराव्या शतकातला गुजराती आख्यानकवी आमच्याच गावचा. ‘वीरक्षेत्र वडोदरुं’ असे गावाचे नाव त्याने मोठ्या अभिमानाने आपल्या कवितेत घातले आहे. माण नावाच्या तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान गाणाऱ्या भटांपैकी तो एक. रघुनाथ पंडित मराठीतले, श्लोकांत लिहिणारे, आणि आम्ही गायकवाडीच्या काळात इकडे येऊन स्थिरावलेल्यांचे वंशज. आमची आई "बारी लाव, पाऊस येतो ने" असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यातली खिडकी गुजराती, पाऊस मराठी आणि शेवटचा ‘ने’ उभयपक्षी मान्य असतो. अशा घरात वाढलेल्या माणसाला तुलना मुद्दाम शिकावी लागत नाही, असा माझा समज होता. पहिल्या सहामाहीत अभ्यासक्रम सुरू झाला आणि तो दूर झाला.

त्या अभ्यासक्रमात आम्हाला आमच्या शाखेचा इतिहास शिकवण्यात आला. १८२७ साली वायमारमध्ये म्हाताऱ्या गटेने विश्वसाहित्याचे युग जवळ येऊन ठेपले आहे असे आपल्या चिटणिसाला सांगितले, १९०७ साली रवींद्रनाथांनी या विषयावर बोलताना त्याला ‘विश्वसाहित्य’ हेच नाव पसंत केले, १९५६ साली बुद्धदेव बसूंनी जादवपूरला भारतातला पहिला तौलनिक साहित्य विभाग उभा केला, इथपर्यंत सगळे मंगल होते. पुढच्या तासाला कळले की १९९३ साली सुझन बॅसनेट यांनी ही विद्याशाखा एका अर्थाने मृत झाल्याचे लिहिले आणि २००३ साली गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी तर तिच्या मृत्यूचे नावच पुस्तकाला दिले. दोघींनाही त्यातून काही नवे जन्माला यावे असे वाटत होते, हे खरे. पण मी प्रवेशशुल्क भरले तेव्हा माझ्या विषयाचे तेरावे दोनदा जेवून झालेले होते, हेही तितकेच खरे. घरी मी हे कुणाला सांगितले नाही.

घरी तसेही वेगळेच प्रश्न होते. दुसऱ्या वर्षी इंदूरचे एक स्थळ आले होते. मुलीचे वडील सज्जन होते, हिशेबी होते आणि माझ्या विषयाचे नाव त्यांनी दोनदा वदवून घेतले. "म्हणजे या दोघांत शेवटी सरस कोण, ते तुम्ही सांगणार," ते म्हणाले. मी नम्रपणे सांगितले की तौलनिक अभ्यासात सरस-नीरस ठरवायचे नसते. त्यावर त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि अत्यंत शांतपणे विचारले, "मग तुलना कशाला करायची?" या प्रश्नावर युरोपात आणि अमेरिकेत ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण त्यांतले एकही वाक्य मला त्या क्षणी आठवले नाही. ते लग्न पुढे वापीच्या एका केमिकल इंजिनिअरशी झाले. तुलना त्यांनीही केलीच असणार, पण निष्कर्षासकट केली.

माझे मार्गदर्शक गुजराती आहेत, मराठी उत्तम जाणतात आणि स्वभावाने फ्रेंच संप्रदायाचे आहेत. या संप्रदायाचे म्हणणे असे की, दोन लेखकांची तुलना करायची तर त्यांच्यात प्रत्यक्ष संपर्क झाल्याचा पुरावा हवा: एकाने दुसऱ्याचे वाचले, ऐकले, निदान कुणाकडून तरी कानावर घेतले. थोडक्यात, समीक्षेआधी पंचनामा. माझे पहिले प्रकरण वाचून सरांनी समासात लाल शाईने एकच वाक्य लिहिले होते: ‘भाई, संबंध क्यां छे?’ पुढची दोन वर्षे मी तो संबंध शोधत होतो. रघुनाथ पंडितांकडून मदतीची आशा नव्हती, कारण त्यांचा नेमका काळ कोणता यावरच विद्वानांत एकमत नाही, आणि जो कधी होता हे निश्चित नाही तो कुणाला भेटला हे कसे सांगायचे? प्रेमानंद मात्र शिस्तीचा. नळाख्यान संवत १७४२ साली पुरे झाले, मुहूर्त सुरतेत केला आणि समाप्ती नंदुरबारला झाली, असे त्याने शेवटी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

नंदुरबार हे नाव वाचून मी हिंचक्यावरून उठलो. गुजराती नळाख्यानाची शेवटची ओळ आजच्या महाराष्ट्रात लिहिली गेली होती! तिथे एखादा मराठी हरिदास त्याला भेटला असेल, रात्री एकाच ओसरीवर दोघे टेकले असतील, हंसाचा विषय निघाला असेल. असल्या ‘असेल’ला संशोधनात गृहीतक म्हणतात. मी सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी पकडली आणि दोन दिवस नंदुरबारला काढले. ज्यांना ज्यांना मी प्रेमानंदाविषयी विचारले, त्यांनी त्यांनी मला आपुलकीने मिरचीबाजाराचा रस्ता दाखवला, कारण बाहेरून आलेला माणूस तिथे दुसऱ्या कशासाठी येईल असे त्यांना वाटत नव्हते. संवत १७४२ चा पुरावा मिळाला नाही. पाच किलो लाल मिरची मिळाली. आईच्या मते माझ्या संशोधनातून आजवर निष्पन्न झालेली ती एकमेव गोष्ट आहे आणि तिखट उत्तम झाले.

मग मी अमेरिकन संप्रदायाचा आश्रय घेतला. हे लोक उदार असतात. संपर्काचा पुरावा नसला तरी केवळ साम्य दिसले म्हणून तुलना करायला त्यांची हरकत नसते. सरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तसे असेल तर प्रेमानंदाची तुलना सेव-उसळीशीही करता येईल. दोन्ही वडोदऱ्याची, दोन्ही तिखट." त्यानंतर ते तासभर साम्य, साधर्म्य आणि समांतरता यांतले भेद समजावत राहिले. नळी फुंकली सोनारे म्हणतात तसे ते वारे माझ्या एका कानातून दुसऱ्यात गेले, पण सेव-उसळ मात्र डोक्यात राहिली आणि मी विभागातून थेट तिच्याकडेच गेलो.

एकदा मात्र खरोखर काही हाती लागले, आणि तेही ग्रंथालयात नव्हे. प्रेमानंदाच्या आख्यानात एक प्रसंग आहे. वनात उपाशी हिंडताना नळ तीन मासे धरतो आणि दमयंतीच्या स्वाधीन करून जातो. तिच्या हातात अमृत असल्यामुळे मेलेले मासे जिवंत होऊन पाण्यात निसटतात आणि परत आलेल्या नळाला वाटते की हिने एकटीनेच खाऊन टाकले. व्यासांच्या कथेत हे नाही. तिथे पक्षी नळाचे वस्त्र घेऊन उडतात. रघुनाथ पंडितांकडे तर वनवासच नाही, ते स्वयंवराशी थांबतात. लग्न लागले, अक्षता पडल्या, पुढचे ज्याचे त्याने बघावे. गुजराती कवीने मासे का आणले यावर मी तीन दिवस अडलो होतो. आई ताक घुसळत होती, तिने विचारले म्हणून तिला गोष्ट सांगितली. ती रवी न थांबवता म्हणाली, "मासे काय आणि डब्यातले लाडू काय. दिसले नाहीत की बाईनेच खाल्ले. राज्य जुगारात कुणी घालवले ते नाही विचारत कुणी." हे वाक्य मी ‘आख्यानातील संशयाचे लिंगभावात्मक राजकारण’ या मथळ्याखाली एकवीस पानांत मांडले. सरांनी सहा वर्षांत पहिल्यांदा समासात ‘सरस’ असे लिहिले. आईचे नाव ऋणनिर्देशात आहे, पण तिथे ‘सहनशीलतेबद्दल’ असे कारण दिले आहे.

मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर माझा लोभ आहे. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, त्या काळातली ही संस्था. वरपर्यंत प्रकाश पोहोचावा म्हणून तिथे पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या मजल्यांना काचेची फरशी आहे. वरच्या मजल्यावर उभे राहून वाचणाऱ्याच्या पायांच्या सावल्या खालच्याला दिसतात. महाराजांना अपेक्षित असलेला ज्ञानाचा प्रकाश या काचेतून माझ्यापर्यंत पुष्कळ आला. पण वर पावले वाजली की हे नळाख्यानाची जुनी आवृत्ती घेऊन चालले की काय, या धास्तीने माझे वाचन दर दहा मिनिटांनी तुटत असे.

पाचव्या वर्षाच्या अखेरीस प्रबंध एकदाचा उभा राहिला आणि यंत्रापुढे गेला. यंत्र म्हणजे उचलेगिरी तपासणारी संगणकप्रणाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांच्या आत असेल तर माणूस निर्दोष. माझे ३१ टक्के निघाले. अहवालात रंगीत ओळी होत्या. ‘प्रस्तुत प्रकरणात आपण असे पाहिले की’ हे वाक्य मी कुणा अनोळखी संशोधकाकडून उचलले होते. प्रतिज्ञापत्रात ‘हे संशोधन सर्वस्वी माझे स्वतःचे आहे’ असे मी लिहिले होते, तेही दुसऱ्याचे निघाले. आणि लालभडक रंगात ‘कठिण समय येता कोण कामास येतो’ ही ओळ होती. नळाने हंस धरला, बाकीचे पक्षी भेदरून पळाले, तेव्हाची ही रघुनाथ पंडितांची ओळ. मराठी माणूस ती म्हण समजून शतकानुशतके वापरत आला आहे. अवतरणचिन्हे आणि कवीचे नाव दोन्ही जागच्या जागी होती, परंतु यंत्राला मालिनी वृत्ताचे कौतुक नव्हते. मी मोठ्या आशेने सरांकडे पाहिले. सर पंख्याकडे पाहत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण अपमानापेक्षा हेवाच अधिक वाटला. दोन संहितांत साम्य कुठे आहे, ते योगायोगाचे की उसने घेतलेले, आणि घेतले असेल तर कुणी कुणाकडून, एवढेच तर मला दोन कवींच्या बाबतीत सिद्ध करायचे होते. मला सहा वर्षांत जमले नाही ते यंत्राने माझ्या बाबतीत अकरा मिनिटांत, टक्केवारीसह, करून दाखवले होते. इतका कडवा फ्रेंच संप्रदायी मी पाहिला नाही. त्याला फक्त साम्य कळते, ही एकच त्याची उणीव. स्वयंवरमंडपात एकसारखे पाच नळ बसलेले असताना इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांच्यातून दमयंतीने आपला माणूस ओळखला तो फरकावरून: देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगाला घाम नव्हता, पाय भुईला टेकलेले नव्हते. ज्याची माळ कोमेजली होती आणि ज्याची सावली पडत होती, तो तिचा. हे यंत्र तिच्या जागी असते तर पाचही नळांना शंभर टक्के ठरवून त्याने स्वयंवरच रद्द केले असते. हा मुद्दा मी सरांना सांगितला. त्यांना तो आवडला आणि त्यांनी त्यावर आणखी एक प्रकरण लिहायला सांगितले.

हे आणखी एक प्रकरण, म्हणजेच मुदतवाढीचा अर्ज, सध्या चालू आहे. सायंकाळी आम्ही संशोधक चहाच्या लारीवर जमतो. तिथे इतिहासातले एक ज्येष्ठ स्नेही येतात. त्यांचे सगळ्या मुदतवाढी धरून आठवे आणि शेवटचे वर्ष आहे, आणि ते केवळ तिथे बसलेले असतात एवढ्यानेच मला पुष्कळ बरे वाटत आले आहे. वनवासात ‘माझ्याहून दुःखी राजा कुणी पाहिला आहे का’ असे युधिष्ठिराने विचारले, म्हणून बृहदश्व ऋषींनी त्याला नळाची कथा सांगितली. तेव्हा ही कथा मुळात याच कामासाठी आहे. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी लारीवर आली. तिचा संशोधन आराखडा समितीने दुसऱ्यांदा परत पाठवला होता, तिचे डोळे भरले होते आणि आपल्यासारखे दुर्दैव कुणाचेच नसेल असे ती म्हणत होती. मी समजुतीचे काही बोलणार, तेवढ्यात इतिहासवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "बेटा, याची गोष्ट ऐक. याने एका नळाला धरले, त्याला झाली सहा वर्षे." त्यांनी नंदुरबारपासून सुरुवात केली. मिरचीपर्यंत येईतो ती हसायला लागली होती, आणि ३१ टक्क्यांशी पोहोचल्यावर तिने आपण होऊन आणखी एक कटिंग सांगितला.