उतारावर ब्रेक धरणारा घाबरट नसतो: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातले तीन सायकलवाल्यांचे आणि एक तर शाळेच्या मैत्रिणींचा, म्हणजे किती फिरलाय बघा. मजकूर थोडक्यात असा: उतारावरचा वेग म्हणजे निव्वळ जिगर. ब्रेकला हात लावला की संपलं. पुढचा ब्रेक तर कधीच लावायचा नाही, माणूस हँडलवरून उलटा पडतो. टायर दगडासारखं टाईट पाहिजे. अजून वेग पाहिजे तर सीट सोडून पुढच्या दांडीवर बसायचं. वजनदार गडी उतारावर सगळ्यांच्या पुढं जातात कारण त्यांना भीती माहीत नाही. आणि ज्याला भीती वाटते त्यानं घाटात येऊच नये. शेवटी अर्थातच "नाद खुळा".

मी सात वर्षं रोडबाईक (खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल) चालवते, बहुतेक रविवारी पन्हाळा, थंडीत गगनबावडा, आणि एकदा आजऱ्यावरून आंबोली. ग्रुपमधली पोरं मला काकू म्हणतात. हीच पोरं हा मेसेज वाचून पन्हाळ्यावरून खाली सुटतात म्हणून हे लिहितेय, एकेक मुद्दा घेऊन.

पहिला, वेग म्हणजे जिगर. वळणाला तुमची जिगर कळत नाही, त्याला वेग आणि वळणाची गोलाई एवढंच कळतं. समजा एक आखूड वळण आहे, तुम्ही ज्या वर्तुळात वळताय त्याची त्रिज्या 15 मीटर धरा. तिथं ताशी 30 नं गेलात तर सायकल साधारण 25 अंश कलते, कोरड्या चांगल्या डांबरावर हे आरामात जमतं. त्याच वळणात 40 नं गेलात तर 40 अंश कलायला लागतं आणि तिथं टायरची पकड जवळजवळ संपलेली असते, मग चिमूटभर वाळू पुरते. वाढला फक्त 10 चा वेग. कारण हा हिशोब वेगाच्या वर्गानं वाढतो, 30 चे 60 झाले की थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते.

आणि थांबायचं अंतर बघा. 8 टक्के उतार, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, समोर काहीतरी दिसल्यापासून बोटं हलेपर्यंत एक सेकंद गेला असं धरलं तर 30 च्या वेगात थांबायला साधारण 17 मीटर लागतात, 40 ला 26 आणि 60 ला 50 मीटर. 50 मीटर म्हणजे चार एसट्या एकामागं एक उभ्या केल्या तरी त्याच्यापुढं. आता पन्हाळ्यावरून वाघबीळकडं उतरताना किती वळणांवर तुम्हाला पुढचं 50 मीटर स्वच्छ दिसतं ते आठवा, आणि त्या वळणापलीकडं माकडं बसलेली असतात, सेल्फीसाठी थांबलेली गाडी असते, खालून वर येणारी एसटी आपली बाजू सोडून अर्ध्या रस्त्यावर आलेली असते. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग, हा एक नियम मी आता कधीच सोडत नाही. टीव्हीवर जे रेसर 90-100 नं उतरतात त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो, समोरून काही येणार नाही हे त्यांना माहीत असतं. आणि तरीही 2023 च्या जूनमध्ये टूर द स्वीस या स्वित्झर्लंडमधल्या रेसमध्ये आल्बुला घाटाच्या उतारावर गिनो मेडर हा तिथलाच रेसर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. 26 वर्षांचा होता. त्याच्याकडं जिगर कमी होती असं कोण म्हणेल?

एक मात्र खरं की ब्रेक वरपासून खालपर्यंत सतत घासत ठेवणं चुकीचंच. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या लोखंडी कड्याला, रिमला, घासणारा ब्रेक असेल तर वाघबीळला उतरल्यावर रिमला बोट लावून बघा, चटका बसतो, आणि रिम फारच तापली तर ट्यूब फुटू शकते. ब्रेक सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधी, दमदार दाबायचे, वेग पाहिजे तेवढा खाली आला की सोडायचे आणि मोकळ्या चाकांनी वळण घ्यायचं. म्हणजे ब्रेक लावायचाच, कुठं लावायचा ते शिकायचं.

आता पुढच्या ब्रेकचं, इथं मी जरा जास्त बोलणार कारण हे माझ्या अंगावर आलेलं आहे. लहानपणी लेडीज सायकल शिकले तेव्हापासून घरचे सगळे एकच सांगायचे, पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील. ते डोक्यात इतकं पक्कं बसलं की रोडबाईक घेतली तरी मी पहिली दोन वर्षं फक्त मागचाच वापरायचे. जानेवारी होता, कारखाने चालू, उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन रस्त्यावर पाचट पडलेलं. उतारावर एका डाव्या वळणात वेग जास्त आहे हे मला आत शिरल्यावर कळलं, मी मागचा ब्रेक गच्च दाबला, मागचं चाक पाचटावर लॉक झालं आणि सायकल माझ्याखालून आडवी निघून गेली. कोपर, कंबर, डाव्या मांडीची कातडी. पाच आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी होती.

नंतर समजून घेतलं ते असं. ब्रेक लावला की वजन पुढं सरकतं, पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं, उतारावर तर मागचं आधीच हलकं असतं. त्यामुळं थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, मागचा एकटा जोरात दाबला तर तो फक्त चाक घसरवतो. मेसेजमधली भीती पूर्ण खोटी नाही, ढुंगण पुढं सरकलेलं, हात ताठ, आणि पुढचा ब्रेक एकदम कचकन दाबला तर माणूस खरंच उलटतो. पण त्याचा उपाय पुढचा ब्रेक सोडून देणं हा नाही. ढुंगण मागं न्यायचं, कोपर थोडी वाकवायची, हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर ठेवायचे म्हणजे वजनही खाली जातं आणि ब्रेकच्या लिव्हरवर बोटांना जोरही मिळतो, आणि दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचे, पुढचा जास्त. ओल्यावर किंवा वाळूवर दोन्ही नाजूक. सायकल कललेली असताना कचकन कुठलाच नाही. आणि आधी आपल्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे की डाव्या, ते बघा. सगळ्या सायकलींना सारखं नसतं, मित्राची सायकल घेऊन उतरताना हे विसरलं की घात होतो.

दगडासारखं टायर. हे जुन्या 23 मिलिमीटर रुंद टायरच्या जमान्यातलं आहे, तेव्हा 110-120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरायचे. आता रेसरसुद्धा 28 किंवा त्याहून रुंद टायर कमी हवेवर चालवतात. टाईट टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते, एवढं साधं आहे. माझं वजन 60 च्या आसपास, 28 च्या टायरला मी 70 भरते, पावसात त्याहून 5 कमी. आपल्याकडचे रस्ते बघून तरी 120 भरू नका रे.

दांडीवर बसणं. याला सुपरटक म्हणतात आणि यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, 1 एप्रिल 2021 पासून रेसमध्ये त्यावर बंदी घातली. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांना जे करायला मनाई आहे ते आपण खड्ड्यांच्या रस्त्यावर, समोरून ट्रक येताना करायचं? तसं बसल्यावर ब्रेक नीट दाबता येत नाही आणि बरंचसं वजन पुढच्या चाकावर जातं. हँडल थरथरायला लागलं तर त्या अवस्थेत सावरायला काही उरत नाही. (सीटवर असताना हँडल थरथरलं तर घट्ट आवळू नका, पकड सैल करा, गुडघा आडव्या दांडीला दाबून धरा आणि हळूहळू वेग कमी करा. बहुतेक वेळा थांबतं.)

वजनदार गड्यांचं तर सरळ आहे. उतार वजनाच्या प्रमाणात ओढतो, हवा मात्र तुम्ही समोरून किती रुंद दिसता त्या प्रमाणात अडवते. 90 किलोचा माणूस 60 किलोवाल्याच्या दीडपट जड असतो पण समोरून दीडपट रुंद नसतो, म्हणून पेडल न मारताही पुढं जातो.

आणि शेवटचा मुद्दा, भीती वाटते त्यानं येऊ नये. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. फ्रान्सचा रेसर थिबो पिनो 2013 च्या टूर द फ्रान्समध्ये उतारांवर मागं पडला, मला उतारावर वेगाची भीती वाटते असं त्यानं जगासमोर सांगितलं. पुढच्याच वर्षी, 2014 ला, तो त्याच टूरमध्ये एकूण तिसरा आला. त्याला कुणी येऊ नको म्हटलं असतं तर?

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, कॉलेजला, चढाला आम्हा सगळ्यांच्या पुढं आणि उताराला सगळ्यात मागं. पोरं खाली उभी राहून तिला हाका मारायची. एका रविवारी मी तिच्याबरोबर मागं थांबले, मध्येच ती सायकल उभी करून बोटं झाडायला लागली, बघितलं तर लाल झालेली, वाकत नव्हती. तिचा हात ड्रॉपवर ठेवायला लावला. तिची बोटं छोटी, लिव्हर लांब, जेमतेम बोटाचं टोक पोचत होतं, त्या टोकावर ती पूर्ण उतार ब्रेक ओढत खाली यायची. लिव्हर जवळ घ्यायचा एक बारका स्क्रू असतो, शोरूममध्ये तिला कुणी सांगितलाच नव्हता. माझ्याकडची छोटी अ‍ॅलन की काढून तिथंच रस्त्याकडेला दोन्ही लिव्हर आत घेतले, ब्रेक तपासले, दोनदा दाबायला लावलं. मग पुढचे तीन रविवार आम्ही दोघीच सगळ्यांच्या मागून उतरलो, सरळ पट्ट्यात दाब, सोड, वळण संपतं तिकडं बघ, बाहेरचं पेडल खाली, मी मागून ओरडत होते.

परवा ती माझ्या पुढं होती. वाघबीळला पोचले तर चहा सांगून बसली होती, माझ्यासाठीपण. काही बोलली नाही, नुसती दोन्ही हातांची बोटं माझ्यापुढं धरून उघडझाप करून दाखवली.