आधी कमान, मग पाणी!

मार्च आला की आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक उखडायला माणसं हजर. चांगले, धडधाकट ब्लॉक! ते ट्रॉलीत भरून नेतात आणि नवे लाल-पिवळे बसवतात. निधी 31 तारखेच्या आत खपवायचा असतो ना. तिथून चार पावलांवर गटार तीन वर्षं उघडं आहे. शेजारच्या काकूंनी शेवटी स्वतःच्या न्हाणीघराचा जुना पत्रा त्यावर टाकला. पोरं त्याच्यावरून धडाडधूम करत शाळेत जातात.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 49 मध्ये पाणी, गटारं, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं म्हणून लिहिलीत. सेल्फी पॉइंट मला तरी त्यात सापडला नाही. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही पहाटे साडेतीनला, पण वेशीवर स्वागत कमान कशी झगमगतेय! बरोबरच आहे म्हणा, पाइपलाइन जाते जमिनीखाली, तिच्यावर फोटो कुठे लावणार? विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘तो निधी वेगळ्या हेडचा आहे, काका.’

परवा पुन्हा अर्ज घेऊन गेलो. साहेब जागेवर नव्हते, भूमिपूजनाला गेले होते.

चौकातल्या कारंज्याच्या.