खुलासा: कॅम टायमिंगमध्ये ‘एक दात’ चालत नाही

“डबल कॅमच्या बाइकला चेन चढवताना एक दात इकडेतिकडे झाला तरी चालतं, स्टार्टर मारून बघा,” असा मेसेज फिरतो आहे. हे चूक आहे आणि इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं. (कॅम म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणारा दांडा; डबल कॅममध्ये असे दोन. ही चेन मागच्या चाकाची नव्हे, तर क्रँकवरून, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरून, कॅम फिरवणारी.)

हिशेबच पाहा. कॅम स्प्रॉकेटला (चेन बसते त्या दातेरी चाकाला) 32 दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे 11.25 अंश. क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो, म्हणजे तिथे 22.5 अंशांचा फरक! गाडी कदाचित सुरू होईलही, पण नीट ओढणार नाही. फरक आणखी वाढला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

क्रँक टायमिंगच्या खुणेवर ठेवा, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) नसलेल्या बाजूची चेन ताणलेली ठेवून कॅम बसवा. टेन्शनर लावण्याआधी जुळलेल्या खुणांवर मात्र विसंबू नका, ढिली चेन फसवते. टेन्शनर लावा, प्लग काढा आणि क्रँक पान्याने, नेहमीच्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा (तेव्हा कुठे कॅमचा एक फेरा होतो). खुणा पुन्हा तपासा. मध्येच अडलं तर जोर लावू नका, चेन उतरवून परत जुळवा. खुणा मॉडेलप्रमाणे बदलतात, तेवढं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.